माईंचा गृहपाठ

माई आमच्या नात्यातल्या नाहीत. सांगलीच्या गावभागात राहतात. त्यांच्या थोरल्याला डाउन सिंड्रोम आहे, माझ्या ओवीलाही आहे, एवढंच कानावर गेल्यावर त्या आपण होऊन घरी आल्या. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवणारा रिपोर्ट येऊन बरेच दिवस झाले होते, घरातला सुतकी सूर मात्र हटत नव्हता. माईंनी चहासुद्धा घेतला नाही, आधी विचारलं, "टू-डी इको झाला? थायरॉइड? कान तपासले?" या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तेव्हा आधी तपासण्या, रडारड मागाहून, असा त्यांचा खाक्या.

ओवीला मी कडेवर घेतलं, तशी त्यांनी तिची पावलं धरली. "अशी फाकवून नको घेऊस गं." स्नायू सैल असले की पाय बेडकासारखे आपोआप बाजूला पडतात, आणि त्याचीच सवय झाली तर पुढे चालताना जड जातं. तिची पाठ माझ्या छातीशी आणि दोन्ही मांड्या जुळवलेल्या, असं धरायला त्यांनी शिकवलं. मग भरवणं. चमचा जिभेवर मधोमध हलकेच दाबायचा आणि वरच्या ओठानं तिनं घास ओढून घेईपर्यंत थांबायचं. हिरडीवर चमचा निपटायचा नाही.

मिरजेला आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी असायची, जेमतेम पाऊण तास. ती हवीच. पण बाकीचा आठवडा घरच्यांचा, आणि घरचे म्हणजे एकटी आई नव्हे, हे माईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. (एरवी अशा घरांत सगळं आईच्या गळ्यात पडतं, वर तिचं कौतुक करून बाकीचे मोकळे.) यांच्याकडे अंघोळ आली. ओवी बसायला लागल्यावर मामंजींकडे चुरमुरे आले: ताटलीत थोडेच टाकायचे आणि तिला चिमटीनं एकेक उचलायला लावायचं. सासूबाईंचं काम सर्वांत अवघड, हाक मारून गप्प राहायचं. ऐकलेलं उमजून प्रतिसाद द्यायला या मुलांना वेळ लागतो, तोवर आपण तीन हाका मारून नाद सोडलेला असतो. "मनात दहा मोजा," माई म्हणाल्या. सासूबाई पुटपुटत मोजू लागल्या, आणि आठाला ओवीनं मान वळवली. ओवीसाठी धरलेले उपास त्यांनी सोडले नाहीत, पण मोजणं मनावर घेतलं.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावी १९६९ साली हेच सुरू झालं होतं. मुलं दूरदूर विखुरलेली, म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची आणि मुलाला कसं शिकवायचं ते आईवडिलांना दाखवायची. माईंना पोर्टेज वगैरे ठाऊक नव्हतं. थोरल्याच्या वेळी त्यांना सांगणारं कुणीच नव्हतं. जे त्यांना धडपडत शिकावं लागलं, ते मला आयतं मिळालं.

ओवी शाळेत जायला लागली तेव्हा मी त्यांच्याकडे साडी घेऊन गेले. ती त्यांनी परत केली. "द्यायचंच असेल तर माझ्या पोराला काम दे. पगार ठरवून."

यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो तिथं स्पायरल बायंडिंग करतो. पानं जुळवायला वेळ घेतो, पण उलटसुलट लावत नाही. पगार सात तारखेला, रोख, आणि माईंच्या नव्हे, त्याच्याच हातात. अट त्यांचीच.