काळ्या दगडाची ओढ

मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून निघालेलं काळं, वाटोळं लोहचुंबक अजून माझ्याकडे आहे. शाळेत असताना अलिबागच्या किनाऱ्यावर सुक्या वाळूतून ते फिरवत राहायचं, हा सुट्टीतला उद्योग. वर काढलं की त्याला काळ्या कणांची दाढी फुटलेली असे. ते कण मॅग्नेटाइटचे, सह्याद्रीचा कातळ झिजून ओढ्यानाल्यांतून समुद्राला मिळालेले.

आई तेच लोहचुंबक भांड्यांच्या दुकानात घेऊन जाई. चिकटलं नाही तर स्टील चांगलं, हा तिचा हिशेब. निकेल पुरेसं असलं की स्टीलमधल्या अणूंची मांडणीच वेगळी होते आणि लोहचुंबक निसटतं. पण डब्याच्या मुडपलेल्या काठाशी ते जरासं अडखळे. पत्रा वाकवताना तिथली मांडणी बदललेली असते. धातू तोच, घडवताना त्याचा स्वभाव पालटतो, याचं मला आजही अप्रूप आहे.

कॉलेजात गेल्यावर चिकटणारे आणि न चिकटणारे ही वाटणी पुरी पडेना. ॲल्युमिनियम, ऑक्सिजन किंचित ओढले जातात. पाणी, तांबं, बिस्मथ किंचित दूर सरतात. फॅरडेने १८४५ मध्ये दाखवून दिलं की चुंबकापुढे अगदी तटस्थ असं जवळपास काहीच नसतं. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगला, तो मुख्यतः अंगातल्या पाण्याच्या जोरावर.

आमच्या अलिबागेतच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊन मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंदणी १९०४ मध्ये इकडे आली. बांधकामाला इथला काळा दगड चालला नाही, त्यातही तेच मॅग्नेटाइट. पोरबंदरचा दगड आणला, खिळेसुद्धा लोखंडाचे टाळले. त्या काटेकोरपणाचा मला फार आदर वाटतो.

आणि ज्या गुणापायी काळा दगड नाकारला, तोच त्याचा मोठेपणा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत गेला, मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं आणि तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची उमटली. १९५०च्या दशकात ती मोजली गेली. कित्येक थरांत उत्तर-दक्षिण उलटी निघाली. दिशेचा क्षितिजाशी होणारा कोनही आजच्याशी जुळेना. तो जुळत होता विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या जागेशी. हा सगळा कातळ तिकडे थिजला आणि जमिनीसकट उत्तरेला आला.