टेकडीवरचे बिऱ्हाड

पक्षी बघण्याचे वेड मला तिशी उलटल्यावर लागले. भावाने सलीम अलींचे पुस्तक दिले आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाताना गळ्यात मंगळसूत्राबरोबर दुर्बीणही आली. "आता लग्नकार्यातही घालणार का?" असे 'हे' विचारतात!

गेल्या एप्रिलमध्ये पायवाटेजवळच्या मुरमाड जागेत टिटवीने अंडी घातली. घरटे कसले, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची ४ अंडी. सासूबाईंना सांगितले, तर "टिटवीचं ओरडणं चांगलं नव्हे" म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

नेमकी तीच आमच्या चिरंजीवांची क्रिकेटची जागा. शाळेतला आवाज लावून मी सगळ्या टोळीला दम भरला. कुत्रे मोकळे सोडणाऱ्या एका आजोबांशीही वाजले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं इथं येतोय. टेकडी काय फक्त पाखरं बघणाऱ्यांची आहे?" राग आला, पण उत्तर काही सुचले नाही.

मग मी एक शहाणपणा केला. कुणाचा पाय पडू नये म्हणून घरट्याभोवती दगडांचे रिंगण केले आणि कौतुकाने फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. रविवारी सातजण भलेमोठे कॅमेरे घेऊन हजर! टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय आणि ही मंडळी गुडघे टेकून "अजून एकच, अजून एकच" करताहेत. साडेदहाचे ऊन. एप्रिलमध्ये ही जोडी अंड्यांवर आळीपाळीने बसते ती नुसती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायलाही. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात बिचारी! मी "उठा आता" म्हटले, तर एकाने ऐकवले, "आम्हीही पक्षीप्रेमीच आहोत हो." आणि पत्ता तर मीच दिलेला.

घरी येऊन रडायलाच आले. ज्याला दम दिला होता तोच म्हणाला, "आई, आधी ते दगड काढ. त्यांच्यामुळेच सगळ्यांना कळतंय." पोरांनी स्टंप आपणहून साठ पावले खाली नेले होते, ते मी तेव्हा कुठे पाहिले. दगड काढले, फोटोही काढून टाकला. आजोबांची माफी मागितली. तेव्हापासून त्या वळणापुरता ते कुत्र्याला पट्टा लावतात, आणि मी दुर्बीण वाटेवरूनच लावते.

मेच्या सुरुवातीला खळगा रिकामा दिसला. पोटात धस्स झाले. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात हे ठाऊक होते, तरी कुत्र्याचाच संशय आला. तिसऱ्या दिवशी उतारावरच्या सुक्या गवतात कापसाच्या बोळ्यांएवढी ३ पिल्ले दिसली. चौथे नाहीच दिसले.

"आता पिच परत वर आणू?" चिरंजीवांनी विचारले.

"जूनपर्यंत थांब रे."

"जूनमध्ये शाळा सुरू होते, आई!"