एकशे आठमधले माझे मणी



पाचवीतल्या नातीचा गृहपाठ घेत होते. मूळ अवयव पाडायचे होते. एकेक संख्या करता करता माझ्या माळेकडे बघून तिने विचारलं, "आज्जी, मणी १०८ च का? सरळ शंभर का नाहीत?"

मी म्हटलं, पाड अवयव. तिने पाडले : २ × २ × ३ × ३ × ३. शंभराचे निघाले २ × २ × ५ × ५. म्हणजे शंभराला तीनने भागच जात नाही, आणि आपलं तर सगळं तिनावर चालतं! १०८ ला एकूण बारा विभाजक आहेत, शंभराला नऊ. आणखी एक गंमत सांगितली. १, ० आणि ८ ची बेरीज ९, आणि १०८ ला ९ ने बरोबर १२ चा भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 'हर्षद' असं नाव दिलं होतं. नात खूश होऊन खेळायला गेली. मी मात्र तिच्या वहीकडेच बघत बसले.

आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल, श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींच्या गुणांची बेरीज करतात : १२, ८, ३६, २५ आणि २७, झाले १०८. आपल्या घरी ऐकलेला हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तो आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन (हा समारंभ लग्नाचा नव्हे, ठरवणं, साधनं जमवणं आणि सुरू करणं असे हे टप्पे). मन, वचन, काया हे तीन. स्वतः केलेलं, करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. ३ × ३ × ३ × ४. पाप यायच्या १०८ वाटा, एकेका वाटेला एकेक मणी.

मी बी.कॉम. झालेली बाई. हिशेब दिसला की ताळा करून बघायची खोड जात नाही. आणि एक खातं माझ्या मनात बारा वर्षं उघडंच होतं.

मामंजी गेल्यावर शेताच्या वाटणीत वन्संनी हक्कसोडपत्रावर सही केली. त्यांना कोणी धमकावलं नाही, पण कोणी विचारलंही नाही. कागद आमच्या सोप्यात त्यांच्यापुढे ठेवला गेला. पुढे त्या जमिनीच्या पैशातूनच हे घर झालं. मी आजवर स्वतःला सांगत आले, मी काही केलं नाही, कोणाकडून करवलं नाही.

त्या दुपारी माळ हातात घेऊन वजाबाकी केली. केलेलं, ३६ मणी बाद. करवलेलं, ३६ बाद. उरले अनुमोदनाचे ३६. त्या दिवशी मनात राग नव्हता, मान नव्हता, कपटही नव्हतं. लोभ होता. चारने भागलं, नऊ. त्यातले वाचेचे तीन गेले, कारण मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. कायेचेही तीन वजा करणार होते, मनाचे तेवढे तीन ठेवून.

तेवढ्यात आठवलं. सही करायला पेन सापडत नव्हतं. वन्सं थांबल्या होत्या, दाराकडे बघत होत्या. माझ्या हिशेबाच्या वहीत पेन होतं, ते मीच काढून त्यांच्या हातात दिलं.

म्हणजे सहा. आणि ते पेन देणं नुसतं अनुमोदनच होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते पहिल्या छत्तीसात धरायचं असेल तर वरची सगळी वजाबाकीच चुकली.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता कशाला उकरतेस?" मी वही पुढे ठेवली. जमिनीचे किती आले, त्यात वन्संचा वाटा किती होता, आपल्या ठेवींतून किती निघतील, सगळं मांडलं होतं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत, पण वही परतही दिली नाही.

सकाळी वन्संना फोन लावला. म्हटलं, उद्या संध्याकाळी यायचं आहे, थोडं बोलायचं आहे.

"या की वहिनी," त्या म्हणाल्या, "पण दिवस असतानाच या, म्हणजे जेवूनच जाल."