कचारगडच्या वाटेवर

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर आमगाव सोडते, धानाच्या बांध्या विरळ होतात आणि सालेकसा मागे पडेपर्यंत दोन्ही अंगांना जंगल येतं. डब्यात हिंदी, मराठी, छत्तीसगढी, पोवारी एकाच बाकावर नांदतात. मधूनच गोंडीही कानी पडते. दरेकसा स्टेशनावर उतरल्यावर मात्र पाट्यांवर, पंचायतीच्या फलकांवर, शाळेच्या भिंतींवर ती कुठेच दिसत नाही. पुढे कचारगड. काली कंकाली देवीच्या मुलांना आदिगुरू पारी कुपार लिंगोने इथल्या गुहेतून सोडवलं, अशी गोंड समाजाची श्रद्धा. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. सप्तरंगी झेंडे, 'जय सेवा'चा घोष, पुस्तकांच्या दुकानांत गोंडी व्याकरणं आणि लिपीचे तक्ते. जत्रेला बस, पाणी, बंदोबस्त मिळतो. शासनाला गोंड माणूस योजनेचा लाभार्थी म्हणून दिसतो, एका भाषेचा धनी म्हणून दिसत नाही. या वाटेवर मला हेच सारखं जाणवत राहिलं.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख. बोडो त्याच्या निम्म्याने, संस्कृत पंचवीस हजारांच्याही आत. तरी त्या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत गोंडांचा मुलूख अनेक राज्यांत वाटला गेला आणि कुठल्याच विधानसभेत त्यांच्या भाषेला बळ उरलं नाही. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. प्रांतरचना तडीस गेली, सोय कागदावर राहिली. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर ती अनधिकृत म्हणून नोटीस आली. गोंदिया जिल्हा तर अनुसूचित क्षेत्रातही नाही, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचाही इथे आधार नाही.

गोंडीला लिपी नाही, प्रमाण रूप नाही, असं सांगितलं जातं. शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्येच लिपी घडवली होती. ती आता युनिकोडमध्येही आहे. आणि लिपीवाचून काही अडतही नाही. मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फच्या पुढाकाराने निजामाच्या राज्यात १९४३ मध्ये मारलवाई गावात गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा गोंडी वाचनमाला देवनागरीतच छापल्या गेल्या. निजामाला जे जमलं ते लोकशाही महाराष्ट्राला न जमण्याचं कारण मला दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : इथली बरीच गोंड घरं मराठी-हिंदीकडे वळली आहेत, आणि आईबापांना मुलं नोकरीला लागलेली हवी आहेत. त्यांची इच्छा रास्तच आहे. पण घरची बोली शाळेच्या दाराशी सोडून यावी लागते म्हणूनही ती घरातून जाते. आपणच आणलेली ओहोटी पुरावा म्हणून पुढे करणं न्याय्य नाही. गोंडीतून सुरुवात झालेलं मूल मराठी शिकणारच नाही, असंही नाही; समजलेल्यावरून न समजलेल्याकडे जायला त्याला पायरी मिळते, इतकंच. एकाच वर्गात गोंडी, हलबी आणि छत्तीसगढीची मुलं बसतात, ही अडचण मोठी आहे. तिथे पुस्तकापेक्षा त्या बोली जाणणारा शिक्षकच कामाला येईल.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. कोवळ्या मुलावर घराबाहेरची भाषा लादू नका, असं आपण म्हणालो, आणि २९ जूनला तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपलं म्हणणं बरोबर होतं. ते सालेकसा-देवरीच्या गोंड मुलालाही तितकंच लागू आहे, फक्त त्याच्यासमोर घराबाहेरची भाषा मराठी असते. देवरीत आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. पहिली-दुसरीच्या वर्गांवर गोंडी जाणणारे शिक्षक आधी नेमायचे, एवढा आदेश आता निघायला हवा.