आडवाटेनें वाईस

पुण्याहून वाईस जावयाचे मार्ग दोन. पहिला सर्वांस ठाऊक आहे. कात्रज, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूरचा फांटा, कीं आली वाई. दुसरा कापूरहोळास महामार्ग सोडतो आणि भोरवरून, मांढरदेवीच्या डोंगरावरून पलीकडे उतरतो. हा वेळ बराच अधिक खातो. ज्यास कांहीं काम आहे त्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. परंतु ज्याच्यापाशीं एक मोकळा दिवस आणि शाबूत पाठीचा कणा आहे, त्यानें तो मोटारसायकलवरून एकदां अवश्य पाहावा.

मोटारसायकलच कां, असें कोणी विचारील. मोटारींत बसलेल्या मनुष्यास रस्ता दिसतो, पण त्याचा वास येत नाहीं. ओल्या भाताचा, गोठ्याचा, नुकत्याच कापलेल्या गवताचा, चुलीच्या धुराचा असे वास एकामागून एक नाकावरून जातात आणि डोळे मिटले तरी गांव आलें हें कळतें. आमचें वाहन म्हणजे साडेतीनशें घनसेंटिमीटरची जुनी बुलेट. ह्या गाडीची बांधणी मद्रासेस इ. स. १९५५ पासून सुरू झाली. तिला ताशीं चाळीस मैलांची घाई मानवत नाहीं. चाळीस किलोमीटरवर मात्र ती दिवसभर एका लयींत चालते. मागें सौभाग्यवती. साठीस आलेल्या जोडप्यानें फटफटीवरून फिरावयास जावें ह्याबद्दल आमच्या एकत्र कुटुंबांत दोन दिवस ऊहापोह झाला. शेवटीं मातोश्रींनीं, "शिरस्त्राण दोघांनींही घाला, आणि अंधारापूर्वीं घाट उतरा," एवढ्या दोन अटींवर परवानगी दिली.

आश्विनाचा पहिला पंधरवडा होता. नसरापुराजवळ बनेश्वराच्या झाडींत थोडा वेळ थांबलों. नानासाहेब पेशव्यांच्या काळचें हें देवालय गर्द राईंत असें दडलें आहे कीं, महामार्गाचा घरघराट तेथें पोहोंचत नाहीं. कापूरहोळानंतर रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें लागलीं. लोंब्या भरल्या होत्या; वाऱ्याची झुळूक आली म्हणजे सारें शिवार एकदम कलंडून पुन्हां सरळ होई.

भोर हें पंत सचिवांच्या संस्थानाचें गांव. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेलें हें संस्थान इ. स. १९४८ मध्यें विलीन झालें. नीरेच्या काठचा राजवाडा मात्र उभा आहे. चित्रपटवाल्यांची तेथें ये-जा असते, हें त्याचें भाग्य म्हणावयाचें कीं दुर्दैव, हें मला ठरवितां आलेलें नाहीं. आम्हीं तेथें चहा घेतला, दशम्या सोडल्या आणि घाटाकडे वळलों.

ह्या घाटाचें वर्णन करणें कठीण आहे. वळण संपलें म्हणावें तों दुसरें येतें. कातळावरून अजून पाणी ठिबकत होतें, उतारावर सोनकीचीं पिवळीं फुलें पसरलीं होतीं. अर्ध्या चढावर इंजिन बंद केलें, आणि त्या शांततेंत कांहीं क्षण कानच भांबावले. उत्तरेस खालीं भोरचें खोरें, रोहिड्याचा माथा, आणि दूर धुरकट निळाईंत राजगड-तोरणा. मराठी मनुष्यास हा देखावा नुसता देखावा राहत नाहीं. प्रत्येक शिखरास नांव आहे आणि नांवापाठीमागें एक हकीकत.

माथ्यावर काळूबाईचें देऊळ. २५ जानेवारी २००५ रोजीं पौषी पौर्णिमेच्या यात्रेंत येथें चेंगराचेंगरी होऊन सुमारें तीनशें माणसें मेलीं. आम्ही गेलों त्या दिवशीं पायऱ्यांवर चिटपाखरूं नव्हतें. एक म्हातारी नारळ विकत बसली होती. एवढ्याशा वाटेवर एवढी गर्दी कशी सांठली असेल, हें रिकाम्या पायऱ्या पाहूनच अधिक समजतें.

पलीकडे उतरतांना दृश्य बदलतें. पांडवगडाच्या आडून वाईचें खोरें उघडतें. हळदीचीं शेतें, ऊंस, आणि मध्यें कृष्णा. वाईविषयीं ह्या मासिकाच्या वाचकांस मीं काय सांगावें? गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं इ. स. १७६२ मध्यें बांधविलेला ढोल्या गणपति, पुराचें पाणी दुभंगावें म्हणून मत्स्याकार केलेली त्याची मागची भिंत, प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थांचा विश्वकोश, हें सर्व घरोघर माहीत आहे. मेणवलीस नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर वसईच्या स्वारींतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिजवर बाळ येशूसह मेरीची आकृति आहे आणि ती शिवालयापाशीं टांगली आहे, ह्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं, हें मला फार आवडलें.

परंतु आम्ही आलों होतों तें धोमपर्यंत जाण्यासाठीं. सौभाग्यवतींचें आजोळ ह्याच धरणाच्या पाण्याखालीं आहे. इ. स. १९८२ च्या सुमारास धरण पुरें झालें, पण गांव त्याआधींच उठला. त्या वेळीं त्या आठ वर्षांच्या होत्या. लग्नाला तीस वर्षें झालीं, ह्या रस्त्यानें महाबळेश्वरास कितीदां गेलों असूं, पण "तेथें थांबूं या" असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. ह्या खेपेस म्हणाल्या.

धोमच्या देवळांत दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. तो पाहून पुढें जलाशयाच्या काठानें गेलों. पाणी कांठोकांठ होतें, समोर डोंगराचें प्रतिबिंब. प्रवासी ज्यास रमणीय म्हणतात तसेंच. त्या गाडीवरून उतरल्या, शिरस्त्राण काढलें आणि बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, तो सुळका दिसतो ना, त्याच्या बरोबर खालीं पार. तेथून नदीला उतरायची वाट."

एक गुराखी आजोबा बांधावर बसले होते. त्यांनीं विचारलें, "कुनाची लेक म्हनायची तुमी?"

त्यांनीं आजोबांचें आडनांव सांगितलें.

"म्हंजी जोश्याची नात! पंचांग सांगायचं त्ये?" म्हातारा उठून उभा राहिला. "माझ्या बारशाचं नांव त्येंनींच काडलंय. आतां पानी लई हाय, ताई. वैशाखांत या. पानी हटलं कीं पाराचं दगुड दिसत्यात."

पुष्कळ वेळ दोघें बोलत होतीं. कोणाचें घर कोठें, कोणास जमीन कोठें मिळाली, कोण मुंबईस गेला. मी थोडा दूर बसलों. ह्या पाण्यानें खालच्या गांवांत ऊंस आणि हळद उभी केली आहे. सकाळीं त्याच हिरव्या शेतांचें कौतुक करीत आम्ही आलों होतों. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरीची फेड होते असें त्या म्हाताऱ्यासमोर बसून मला म्हणवेना.

परततांना मातोश्रींची अट स्मरून सुरूरचा रस्ता धरला. ह्या रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत. पारंब्या कापून केलेल्या त्या हिरव्या बोगद्यांतून संध्याकाळचें ऊन ठिपक्याठिपक्यांनीं खालीं येतें. पुणें-सातारा मार्गावरची अशी सावली रुंदीकरणांत गेली. येथील अजून आहे तोंवर वाचकांनीं पाहून घ्यावी.

वडांखालून गाडी अगदीं सावकाश चालविली. मागून आवाज आला, "वैशाखांत रजा मिळेल ना?" मीं मान डोलावली. पुढें महामार्ग लागला आणि बोलणें ऐकूं येईनासें झालें.