दहा सेंटिमीटरांचं मिग

दोस्तांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी एकदा आपल्या हवाई दलाचं एक विमान एका संध्याकाळी निकामी केलं होतं. तेही नांदेडला, आमच्या घरात, आई शेजारी वाती वळत बसलेली असताना.

विमान प्लॅस्टिकचं होतं हे खरं. मिग-21 चं जोडायचं मॉडेल. पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

गोष्ट 1994 ची. मी आठवीत होतो आणि दादा नुकताच अकरावीला लातूरला गेला होता. त्या काळी आमच्याकडे पोरगा दहावीला बरे मार्क घेऊन पास झाला, की त्याची ट्रंक लातूरच्या एस.टी.वर चढायची. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे काय ते आईबाबांना विचारा, ते तासभर सांगतील. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दादा गेला आणि घरात भांडायला कुणी उरलं नाही. तेवढ्यात पुण्याच्या मामानं खोकं पाठवलं. आत चिठ्ठी होती, ‘दोघांनी मिळून करा.’

दादा दिवाळीला येणार होता. म्हणजे दीड महिना. मी चार दिवस थांबलो.

खोकं उघडलं, तर आत विमान नव्हतंच! एका प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक बारीक तुकडे लटकलेले. कैरीच्या झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे. मग मीही ते कैऱ्यांसारखेच पिरगाळून तोडले. काही सरळ तुटले, काहींचा लचका निघाला. एक चाक उडालं ते थेट मोरीत. जोडायला मी सुतारकामाचा पांढरा गोंद लावला. अर्धा तास दाबून धरलं, हात काढला की पंख खाली. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून क्षणात चिकटणारा गोंद आणला. त्यानं पंख चिकटला, माझी दोन बोटंही चिकटली आणि सकाळी बघतो तर काय, वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच दुधासारखी पांढरी झालेली. आतला वैमानिक दिसेनासा झाला.

मजा म्हणजे खोक्यात खरा गोंद होता! छोटीशी ट्यूब. झाकण उघडल्यावर उग्र वास आला, म्हणून ‘हे काहीतरी औषध असेल’ असं म्हणत मी ती बाजूला ठेवली होती.

दादाला आंतर्देशीय पत्रात सगळं लिहिलं. खाडाखोड करून तीनदा लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. रागाचा एक शब्द नाही. ‘तुकडे फेकू नकोस. मोरीच्या जाळीत चाक बघ. काचेला नख लावू नकोस. मी येतो. तोवर काय काय लागतं ते इथं विचारतो.’

चाक जाळीत सापडलं. कशात होतं ते विचारू नका.

आता दादानं लातुरात काय काय विचारून आणलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला वाढदिवसाला असं खोकं मिळालं, तर तुम्ही माझ्यासारखं करू नये. आज हे सगळं सामान घरपोच मागवता येतं. पण पहिल्या मॉडेलला महागाचा संच लागत नाही, हे आधी आईबाबांना ऐकवा. निम्म्या वस्तू तर घरातच असतात.

सगळ्यात पहिली वस्तू म्हणजे तुकडे कापायची कात्री. कात्री म्हणजे कागदाची नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे लोक बारीक वायर कापायला एक छोटा कटर वापरतात, एका बाजूनं सपाट असलेला. दादानं तोच आणला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून. आता नीट ऐका. तुकड्याला अगदी खेटून कापायचं नाही. आधी एक-दोन मिलिमीटर लांब कापायचं, तुकडा मोकळा करायचा आणि मग उरलेलं बोंड हळूच काढायचं. एकदम खेटून कापलं की प्लॅस्टिकवर ताण येतो आणि तिथं पांढरा डाग पडतो. आणि हो, जो तुकडा लावायचाय तेवढाच कापायचा. सगळे तुकडे एकदम मोकळे केलेत, की कोणता कुठला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही, कारण नंबर तुकड्यावर नसतात, चौकटीवर असतात.

उरलेलं बोंड कापायला पातं लागतं. इथं मात्र मी मोठ्या माणसाचा आवाज काढणार आहे. पातं धारदारच हवं, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते सटकतं. कापताना पातं आपल्या बोटाकडे येऊ द्यायचं नाही. खाली जुनं जाड पुठ्ठं ठेवा. बारा वर्षांच्या आतल्यांनी पात्याचं काम ताई-दादाकडून किंवा बाबांकडून करून घ्यावं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

मग घासणं. दादा गंजगोलाईत गेला होता. लातूरची गंजगोलाई पाहिली नसेल तर एकदा बघाच. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, जणू सायकलच्या चाकाच्या ताराच. तिथं एका सोनाराकडून दादानं जुनी बारीक कानस मिळवली. नथीचा फासा घासायला जी लागते, तीच विमानाच्या चाकाला चालते! बाकी कामाला हार्डवेअरच्या दुकानातला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर पुरतो. 400 नंबरचा खरखरीत, 600 त्याहून बारीक, 1000 आणखी बारीक. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. आईस्क्रीमच्या काडीला कागदाची पट्टी चिकटवा, झाली कानस. पाण्यात बुडवून घासलं की भुकटी उडत नाही आणि चरेही कमी पडतात.

चिमटा आमच्या वजिराबादच्या एका घड्याळजीनं दिला. टोक किंचित वाकडं झालेला होता, म्हणून फुकट. म्हणाले, “बेटा, सांस रोक के पकडना.” श्वास रोखून धरायचं. अजूनही बारीक तुकडा उचलताना मी श्वास रोखतो.

आता गोंद. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही मॉडेलं बहुधा पॉलिस्टायरिन नावाच्या प्लॅस्टिकची असतात. त्यांचा खास गोंद डिंकासारखा मधे बसून दोघांना धरून ठेवत नाही. तो प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतो. दोन्ही बाजू विरघळल्या की एकमेकींत मिसळतात, आतला द्रव उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. लोहार वेल्डिंग करतो तसंच, पण ज्योतीविना. म्हणूनच तो थेंबभरच लावायचा. जास्त लावला तर विमानाचा पंखच वितळतो. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून बसा आणि लहान भावंडांना लांब ठेवा. पांढरा गोंद पाण्यातला, तो प्लॅस्टिकला विरघळवत नाही, म्हणून माझा पंख पडला. पण त्याच पांढऱ्या गोंदाची एक जागा आहे, ती म्हणजे काच. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि काचेला डाग पाडत नाही. झटपट गोंदाची मात्र वाफ काचेवर बसते आणि तिचा पांढरा थर जमतो. माझ्या वैमानिकाला मोतीबिंदू झाला तो त्यामुळे.

गोंद सुकेपर्यंत तुकडे धरून कोण बसणार? कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड, चिकटपट्टी. आईला विचारून घ्या. आमच्याकडे त्या दिवाळीत दोरीवरचे टॉवेल रोज उडून शेजारी जायचे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. 0 आणि 2 नंबरचे दोन ब्रश पुरतात. आम्ही हार्डवेअरचा चंदेरी ऑइलपेंट टर्पेंटाइननं पातळ करून लावला. रंगवाल्याचं थिनर चुकूनही वापरू नका, ते प्लॅस्टिक खातं. हल्ली पाण्यातले ॲक्रिलिक रंग मिळतात, नवख्यांना तेच बरे. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. रंगवायच्या आधी, खरं तर जोडायच्याही आधी, तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकट थर राहिलेला असतो. धुताना खाली चहाची गाळणी धरा. मोरीचं तुम्हाला माहीतच आहे.

आणि मराठवाड्यात राहत असाल तर एक जादा सूचना. मे महिन्यात मॉडेल पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. बारीक तुकडे वाकतात.

एवढं झाल्यावर तुम्ही विचाराल, मॉडेलच्या खोक्यावर 1:72 लिहिलेलं असतं ते काय? खऱ्या विमानाच्या 72 सेंटिमीटरला मॉडेलचा एक सेंटिमीटर. हा 72 चा आकडा इंच-फुटांतून आला. सहा फूट म्हणजे 72 इंच, म्हणून साधारण माणसाएवढी उंची या मापात एका इंचात बसते. मिग-21 च्या पंखांचा पसारा 7.15 मीटर. भागून बघा, दहा सेंटिमीटरही भरत नाहीत. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीनं 1953 मध्ये स्पिटफायर हे आपलं पहिलं विमान याच मापाच्या आसपास काढलं. आगगाड्यांचं नेहमीचं माप वेगळं, 1:87. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 मध्ये सुरू झालं, ते पाहिलं असेल तर लगेच लक्षात येईल. त्या मापात आमचं जुनं नांदेडचं मीटर गेज साडेअकरा मिलिमीटरांचं होतं, आणि दादाच्या लातूरची 762 मिलिमीटरांची बार्शी लाइट रेल्वे जेमतेम पावणेनऊ मिलिमीटरांची. बोटाच्या रुंदीत बसेल!

असो. दिवाळीला दादा आला. पिशवीत कानस, कटर, कागद. त्यानं खोकं उघडलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “एवढं काई बिघडलं नाई रे.” बिघडलं होतं, ते मलाही दिसत होतं.

पांढऱ्या गोंदाचे सांधे कोमट पाण्यात भिजवून सुटले. झटपट गोंदाचे काही कटकन निघाले, एक निघालाच नाही, तो पंख आजही एक काडीभर वर आहे. लचके निघालेल्या खड्ड्यांसाठी दादानं चौकटीचे उरलेले बारीक तुकडे त्या खऱ्या गोंदात विरघळवून लापशी केली आणि खड्डे भरले. दोन दिवस सुकू दिली, मग घासली. काच माझ्याकडे दिली. 1000 नंबरचा ओला कागद अगदी हलक्या हातानं, मग कापसावर टूथपेस्ट. गोल गोल, गोल गोल. भाऊबीजेच्या आदल्या रात्री वैमानिकाचं डोकं दिसायला लागलं.

घासताना दोघांचीही मान खाली असते. त्यामुळे असेल, दादा बोलायला लागला. पहिल्या चाचणीत गणितात तो नापास झाला होता. घरी सांगितलं नव्हतं. खोलीवर रात्री झोप येत नाही, जेवताना कुणाशी बोलावं कळत नाही, एकदा तर नांदेडच्या गाडीत बसून तो अहमदपूरपर्यंत आला होता आणि तिथून परत गेला होता. मी काय बोलणार? मी टूथपेस्ट आणखी थोडी घेतली. सकाळी त्यानंच बाबांना सांगितलं. बाबा चहा पिऊन उठले, त्याच्यासोबत लातूरला गेले आणि चार दिवस त्याच्या खोलीवर राहून आले. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. दादानं बारावी लातूरलाच केली.

निघायच्या आदल्या रात्री शेवटचं काम उरलं होतं. मिगच्या नाकापुढं एक लांब सुई असते, वाऱ्याचा दाब मोजणारी. ती मी पहिल्याच दिवशी मोडली होती. दादानं चौकटीची काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरली, मऊ होताच ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं हळूहळू ओढली आणि केसासारखी तार निघाली. (हे मोठं माणूस जवळ असल्याशिवाय करायचं नाही. प्लॅस्टिक पेट घेतं.) तीच कापून नाकाला लावली. शेवटी पाण्यात भिजवून निघणारी चिन्हं, बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. विमान चपलेच्या खोक्यात कापसावर झोपून लातूरला गेलं.

आता ते माझ्याकडे आहे. खरी मिग-21 विमानं आपल्याकडे 1963 पासून होती, त्यांतली शेकडो तर आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला.

“आपलं कसंय?”

“सुई मोडली. परवा धूळ पुसताना.”

“चौकटीची काडी असंल का बघ एखादी. मी रविवारी येतो.”

खोक्याच्या तळाशी एक सापडली आहे. मेणबत्ती आणायचीय.