सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, मीठ आणि बस्स!

अहो, सोयाबीनच्या हिरव्या शेंगा उकडून खाल्ल्यात कधी? नसतील, तर यंदाचा भाद्रपद सोडू नका!

आमच्या मादन हिप्परग्याच्या शिवारात तुरीच्या ओळींमधून सोयाबीनच सोयाबीन. मृगावर पेरायचं, दसऱ्याच्या आसपास काढायचं, मळायचं, पोती भरून थेट मोंढ्यावर. तेल गिरणीला, पेंड कोंबड्यांना. घरात दाणाही येत नाही. आणि तिकडे जपानात हेच पीक हिरवंगार असताना तोडून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बिअरसोबत ताटल्याच्या ताटल्या फस्त करतात! एदामामे म्हणतात त्याला. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सोयाबीन खायचं असतंय का कुठं? इकायचं असतंय!"

पेरणीनंतर साधारण 70-75 दिवसांनी दाणा टच्च भरतो, शेंग मात्र हिरवीच असते. तेवढेच मोजके दिवस. शेंग पिवळी पडायला लागली की विषय संपला. घरच्यासाठी चार ओळी मुद्दाम न फवारता ठेवायच्या, हे आधीच ठरवून टाका.

शेंगांवर बारीक खरबरीत लव असते. टोकं कात्रीनं उडवायची आणि मूठभर मीठ घेऊन शेंगा खसाखसा चोळायच्या. लव मिठाबरोबर सुटून येते, साल चकचकीत होतं. मग खळखळत्या पाण्यात. लिटरभर पाण्याला 40 ग्रॅम मीठ, चोळायचं धरून. जपानी मंडळी चार-पाच मिनिटांत काढतात. आपलं वाण तेलाचं, दाणा घट्ट, म्हणून दाणा बोटानं दबेपर्यंत जास्त वेळ ठेवायच्या. कच्च्या मात्र खाऊ नका. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, उकळलं की तो निकामी होतो. निथळून सुपात पसरायच्या आणि वारा घालायचा. गार पाणी ओतायचं नाही, चव वाहून जाते.

आणि मग! शेंग ओठांशी धरून दाबली की दाणा टपकन तोंडात! सालावरचं मीठ आधी, मागून गोडसर दाणा, मटार आणि ओल्या भुईमुगाच्या मधोमध कुठंतरी. साल टाकून द्यायचं, पुढची शेंग उचलायची. हात थांबतच नाही हो! आत्याबाईंच्या पुढ्यात तर सालांचा ढीग.

बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं खास भाजीसाठी 'करुणे' नावाचं वाण काढलंय. मृगाच्या आत त्याचं बी मिळवायचंच. कुणाकडे असेल तर कळवा, पायलीभर तुरीच्या बदल्यात घेईन!